हिऱ्याचा शाप आणि आमचा विटाळ

आपल्याच पोरांच्या मोबाईलवर सध्या एक हिरा फिरतोय. डीपीला बाबासाहेब, स्टेटसला निळं निशाण, आणि खाली मजकूर काय? आपल्या नाशिकचा हिरा इंग्रजांनी लुटून नेला, तो परत आलाच पाहिजे! कोहिनूरचा मजकूर तर दर 15 ऑगस्टला कुत्र्याच्या छत्रीसारखा उगवतोच. मला या पोरांना एकच विचारायचंय. आणा, जरूर आणा. पण लेकांनो, आणून ठेवणार कुणाच्या घरात?

आधी हा नाशिकचा हिरा म्हणजे काय प्रकरण आहे ते बघू. इंग्रज त्याला ‘नासक’ म्हणतात. दंतकथा अशी, की तो त्र्यंबकेश्वराच्या शंकराचा डोळा होता. 1818 साली पेशवाई बुडाली तेव्हा तो दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हातात गेला. वजन नव्वद कॅरेटच्या आसपास. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी तो घेतला, घासून 80 कॅरेटवर आणला. 1837 साली वेस्टमिन्स्टरच्या उमरावानं 7,200 पौंडांना लिलावात उचलला. 1940 साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं तो पुन्हा तासला, उरला 43.38 कॅरेट. 1970 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 5 लाख डॉलरला गेला. कुणी घेतला, कुणी विकला, कितीला विकला, सगळं लिहून ठेवलेलं आहे. दगडाचा कुर्सीनामा म्हणतात तो असा. आमच्या पोराला मात्र जातीच्या दाखल्यासाठी आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला मागतात, आणि आजोबा शाळेच्या पायरीवरसुद्धा चढलेला नसतो.

आता ती दंतकथा खरी धरून चाला. शंकराचा डोळा होता ना? मग काढला कुणी? देवाचा डोळा पळत्या बाजीरावाच्या गाठोड्यात गेला कसा? आपण पाठ केलंय की देवळं फोडणारा नेहमी बाहेरचा असतो. इथं तर नानासाहेब पेशव्यानं देऊळ बांधायला घेतलं आणि त्याच घराण्याच्या शेवटच्या माणसाकडं देवाचा डोळा सापडला. चोर घरचाच. शिवाय म्हणे देवाचा डोळा चोरणाऱ्याचं वाटोळं होतं. बाजीरावाचं काय वाटोळं झालं? 3 जून 1818 ला तो माल्कमला शरण गेला, वर्षाला 8 लाख रुपये पेन्शन घेऊन बिठूरला गंगेकाठी बसला आणि 1851 पर्यंत जगला. असला शाप आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना कुणीतरी द्या रे बाबा!

त्याच युद्धात 1 जानेवारी 1818 ला भीमा कोरेगावला आमचे महार शिपाई पेशव्याच्या फौजेसमोर उभे राहिले होते. तिथल्या खांबावर शेवटी ‘नाक’ लागणारी 22 नावं कोरलेली आहेत. एका युद्धातून दोन दगड निघाले म्हणा. एक चकाकणारा, तो लंडनला गेला आणि उमरावाच्या तलवारीच्या मुठीत बसला. दुसरा कोरेगावच्या मातीत उभा राहिला. हे पोरगं डीपीला कोरेगावचा खांब लावतं आणि स्टेटसला बाजीरावाचा हिरा मागतं, तेव्हा माझं डोकं फिरतं. पेशव्याच्या तिजोरीतला ऐवज तुझा कधी झाला रे? तुझ्या आज्यापणज्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता म्हणतात त्या राज्यात. आणि हो, इंग्रज आमचे कुणी सोयरे नव्हेत. 1892 साली त्यांनी महारांची भरती बंद केली. गरज सरो, वैद्य मरो. आम्ही दोन्ही तिजोऱ्यांना ओळखतो.

पुढचा भाग तर गंमतीचा आहे. 1920 नंतरच्या दशकात पॅरिसच्या एका जवाहिऱ्यानं हा हिरा अमेरिकेत आणला. जकात भरायची का नाही यावर कोर्टात खटला उभा राहिला. ही जुनी कलाकृती आहे का नुसता पैलू पाडलेला खडा, यावर कायदेपंडितांनी डोकी घासली. एका दगडाला अमेरिकेच्या दारातून कोणत्या नावानं आत घ्यायचं, याच्यावर वाद! त्याच सुमाराला, 2 मार्च 1930 ला, ज्या नाशिकचं नाव या हिऱ्याला चिकटलंय त्या नाशकात बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड हजारो माणसं घेऊन काळारामाच्या दारात उभे होते. दारं बंद. रामनवमीच्या रथाच्या वेळी आमच्या लोकांवर दगड पडले. ते दगड हिऱ्याचे नव्हते. वर्षानुवर्षं सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही, आणि 1935 साली येवल्याला बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. तुझ्या बापानं ज्या दारावर थुंकून पाठ फिरवली, त्या दाराच्या आत ठेवायला तू हिरा परत मागतोस?

कुणी म्हणेल, हिरा म्हणजे दगड, दगडाला कसली जात? आहे. हिऱ्यालाही जात आहे. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत रत्नपरीक्षा आहे, बघा उघडून. पांढरा हिरा ब्राह्मणाला शुभ. तांबडा आणि पिवळा राजाला. शिरीषाच्या फुलाच्या रंगाचा वैश्याला. तलवारीच्या पात्यासारखा काळपट शूद्राला. चार वर्ण, चार रंग, वाटणी संपली. आता त्या पंडिताला विचारा, जो खाली खाणीत कमरेइतक्या चिखलात उभा राहून हे चारही रंग वर काढतो, त्याला कोणता शुभ? त्याच्या नावानं पाचवा रंगच नाही. जमिनीच्या पोटातल्या खड्यालाही या लोकांनी सोडलं नाही, तुला मला काय सोडतील! 1797 साली टेनंट नावाच्या इंग्रजानं हिरा जाळून दाखवला आणि सिद्ध केलं की हा आणि कोळसा एकाच बापाची लेकरं. भटाच्या पोथीतली ती चार रंगांची वाटणी मात्र रत्नाच्या दुकानात अजून चालते, आता तिला ‘राशीचा खडा’ म्हणतात एवढंच.

खाणीत कोण होतं ते टॅव्हर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्यानं लिहून ठेवलंय. हा बाबा सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी फिरला. कृष्णाकाठच्या कोल्लूरला, तो म्हणतो, 60,000 माणसं राबत होती. पुरुष खणायचे, बाया आणि पोरं मातीच्या पाट्या वाहायची. दुसऱ्या एका खाणीत काम जाणणाऱ्या माणसालाही वर्षाला तीन होन मजुरी. वर्षाला! अंगावर लंगोटीखेरीज चिंधी नाही. अशी माणसं कधी खडा गिळायची, आणि एकानं तर डोळ्याच्या कोपऱ्यात खडा लपवला होता, हेही तो लिहितो. आता मला सांगा, जगातल्या सगळ्या हिऱ्यांच्या दंतकथांत डोळा येतो. श्रीरंगमच्या देवाचा डोळा म्हणे रशियाच्या राजदंडात बसला, त्र्यंबकचा डोळा उमरावाच्या तलवारीत. पण ज्या एका डोळ्याबद्दल बघणाऱ्यानं लिहून ठेवलंय, तो कुठल्या मूर्तीचा नव्हता. तो खाणमजुराचा होता. त्याच्यावर कुणी कादंबरी लिहिली नाही, सिनेमा काढला नाही. त्याचं नाव चोर.

दंतकथेत आपला माणूस येतो तो एवढाच. रीजंट हिऱ्याची कथा घ्या. कोल्लूरच्या खाणीत एका गुलामाला प्रचंड खडा सापडला, त्यानं स्वतःच्या पायाला जखम करून पट्ट्यात तो लपवला, समुद्रापर्यंत पळाला, एका इंग्रज कप्तानाला म्हणाला अर्धे पैसे तुझे, मला पलीकडं ने. कप्तानानं खडा काढून घेतला आणि त्याला समुद्रात फेकला. हे झालं ऐकीव. आता कागदावरचं ऐका. मद्रासचा गव्हर्नर थॉमस पिट, त्यानं हा खडा 1702 साली 48,000 होनांना घेतला, लंडनला पैलू पाडून 1717 साली फ्रान्सच्या कारभाऱ्याला 1,35,000 पौंडांना विकला. त्या पैशावर पिट घराणं उभं राहिलं, नातू इंग्लंडचा पंतप्रधान, पणतूही पंतप्रधान. हिरा आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. गुलामाचा शाप पिटला लागला म्हणता? असा शाप लागतो का कुणाला, ज्याची दोन पिढ्या पंतप्रधानकी चालते?

शापाचंच जरा बोलू, कारण खरा डाव तिथं आहे. होप नावाचा निळा हिरा वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याच्याभोवती शापाचा केवढा धुरळा. म्हणे टॅव्हर्निएनं तो देवळातून चोरला आणि त्याला रानटी कुत्र्यांनी फाडून खाल्लं. प्रत्यक्षात टॅव्हर्निए ऐंशी ओलांडून रशियात म्हातारपणानं गेला. हिरा त्यानं 1668 साली चौदाव्या लुईला रीतसर विकला होता. शापाची गोष्ट रंगवली जवाहिऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी. 1910 च्या सुमाराला पिअर कार्तिए एका अमेरिकन श्रीमंत बाईला हा हिरा विकायला बसला तेव्हा त्यानं शापाची गोष्ट फोडणीसारखी वापरली. बाईला चव लागली, हिरा खपला. म्हणजे काय? शाप ही जाहिरात आहे. मालाला शाप लागला की भाव चढतो.

आणि आमचा विटाळ? तोही तसाच, कुणीतरी रचलेला, कुणीतरी पोथीत लिहिलेला. पण त्यानं आमच्या हातचा भाव पडतो. आम्ही शिवलं की पाणी बाटतं, हौद बाटतो, हॉटेलातली कपबशी वेगळी. ज्या हिऱ्याला मरण चिकटलंय त्याला मखमलीवर ठेवून तिकीट लावून बघतात, आणि मेलेलं जनावर ओढणाऱ्याला गावाबाहेर ठेवतात. श्रीमंताच्या अंगावरचा अपशकुन भूषण होतो. गरिबाच्या अंगावरचा अपशकुन त्याची जात होते. राजेरजवाडे हिरकणी गिळून मेल्याच्या गोष्टी तर आजीबाईंच्या तोंडीच आहेत. हिऱ्यात विष नसतं, पण मरणसुद्धा महागाचं पाहिजे ना. आमच्याकडं लोक एंड्रीन पितात.

आमच्या कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळ गुजरी आहे, सोनारांची पेठ. माझी आजी झारेकऱ्यांच्या हाताखाली राबायची. झारेकरी म्हणजे सोनाराच्या दुकानातला केर आणि गटारातला गाळ धुऊन त्यातली सोन्याची कणी काढणारे. पहाटे पेढ्या उघडायच्या आत आजी गटारात हात घालायची, गाळ पाटीत भरायची, परातीत घोळवत घोळवत पाणी सोडायची. तळाला जे उरेल त्यात पारा घालायचा, मग तेजाब. बोटांची सालं गेलेली. दिवसभराच्या मुजरीत भाकरीपुरतं सुटायचं. एकदा एका पेढीवरच्या गिऱ्हाइकाच्या कुडीतला हिरा हरवला. पेढीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. पेढीवर आठ-दहा माणसं होती, पण झडती झाली ती रस्त्यावर गटार उपसणाऱ्या बाईची. पदर सोडायला लावला, लुगड्याचे सोगे झाडायला लावले, तोंड उघडायला लावलं, जिभेखाली बोट घातलं. संध्याकाळी खडा गादीच्या शिवणीत सापडला. आजीला कुणी येऊन सांगितलंही नाही, दुसऱ्या दिवशी केरवालीकडून कळलं. मी टॅव्हर्निए वाचला तेव्हा मला गोवळकोंडा लांबचा वाटलाच नाही. तिकडं आफ्रिकेत किंबर्लीला 1880 च्या दशकात काळ्या खाणमजुरांना तारेच्या कुंपणात महिनोन्‌महिने कोंडून ठेवायचे आणि बाहेर सोडताना नागडं करून तपासायचे. आपले ते भाऊ. बोट जिभेखाली घालायची पद्धत सगळीकडं सारखीच.

कोल्हापुरात हिऱ्याची दंतकथा नाही असं समजू नका. इथं अंबाबाईची मूर्तीच हिरकखंडमिश्रित रत्नशिलेची, 40 किलो वजनाची, असं सांगतात. पुस्तिकांत छापतात. हिरा म्हणे घणाखाली फुटत नाही. (फुटतो. कठीण असतो, पण ठिसूळ असतो, हातोडा घातला की तुकडे होतात. सोनाराला विचारा.) बरं, मूर्ती हिऱ्याची, मग दुधादह्याच्या अभिषेकानं झिजली कशी? कारण झिजली हे कोर्टापर्यंत गेलं, आणि 2015 साली पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिच्यावर रासायनिक संवर्धनाचा लेप दिला. रसायनाचा माणूस गाभाऱ्यात गेला तेव्हा रत्नशिला गप्प बसली. मला त्या मूर्तीशी भांडण नाही. मला भांडण आहे ते ‘रत्न’ म्हटलं की ‘शिवू नका’ असं आपोआप ऐकू येतं त्याच्याशी. जितकी मौल्यवान, तितकी लांबून. मोल आणि विटाळ ही एकाच भिंतीची दोन अंगं. 2018 साली या देवळात पगारी पुजारी नेमायचा कायदा झाला, तोसुद्धा किती आरडाओरडा झाल्यावर.

याच कोल्हापूरच्या गादीला दागदागिने काय कमी होते? पण शाहू राजाची जी गोष्ट आमच्या वस्तीत सांगतात तिच्यात एकसुद्धा हिरा नाही. तिच्यात चहाचा कप आहे. गंगाराम कांबळेला पाण्याला शिवला म्हणून मारलं, राजानं त्याला हॉटेल काढून दिलं आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्याला. बरोबरच्या बड्या बड्यांनाही पाजला. 26 जुलै 1902 चा पन्नास टक्के जागांचा हुकूम वाचा, त्यात चमकणारं काही नाही, सरकारी भाषा आहे. त्या कोरड्या कागदानं आमची जितकी घरं उजळली तितकी जगातल्या कोणत्या हिऱ्यानं उजळली ते दाखवा.

आता नवी दंतकथा बघा. तिचं नाव ‘नशीब’. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात सरकार खणायला छोटे छोटे तुकडे पट्ट्यानं देतं. 2024 च्या जुलैमध्ये तिथं एका आदिवासी मजुराला 19.22 कॅरेटचा हिरा मिळाला, किंमत 80 लाखांच्या आसपास सांगितली गेली. सगळ्या पेपरांनी छापलं, नशीब फळफळलं! त्याच्या आधीची दहा वर्षं तो खणत होता आणि काही मिळत नव्हतं, हे बातमीच्या शेपटाला. आणि शेजारच्या खड्ड्यात जे अजून खणताहेत, त्यांचं काय फळफळलं? एकाचा फोटो छापायचा म्हणजे बाकीचे हजार जण खणत राहतात. देवाचा डोळा दाखवून हात आवरायला लावले, आता नशिबाचा डोळा मारून हात चालू ठेवतात.

आणि आपली कोल्हापुरी चप्पल? 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या लोकांनी तसलीच चप्पल घालून पोरं नाचवली, नाव कोल्हापूरचं घेतलं नाही. अख्खं कोल्हापूर पेटलं. आमदार, व्यापारी, चेंबर, सगळे म्हणाले ‘आमची’ चप्पल. छान वाटलं ऐकायला. पण 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं त्याच्या आधी आणि नंतर, सुभाषनगरात कातडं कमावणाऱ्या, वाद्या वळणाऱ्या हातांना ‘आमचे’ कुणी म्हटलं होतं? माल जगात चमकला की तो गावाचा. वास आला की तो चांभाराचा. हिऱ्याचंही हेच. इंग्लंडच्या मुकुटात दिसला की ‘आपला’, कोल्लूरच्या चिखलात होता तेव्हा तो कुणाचा होता?

लगेच कुणीतरी विचारणार, म्हणजे इंग्रजाकडंच राहू द्यायचा काय? नाही. 1849 साली दहा वर्षांच्या दलीपसिंगाकडून सही घेऊन कोहिनूर नेला, 1852 साली 186 कॅरेटचा 105 वर कापला आणि अजून टॉवरमध्ये तिकीट लावून दाखवतात. ही लूट आहे. 2016 साली आपल्याच सरकारच्या वकिलानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की तो चोरलेला नाही, ही आणखी एक गंमत. पण लुटारूकडून लुटारूकडं, मुकुटातून देव्हाऱ्यात, एवढ्या प्रवासासाठी आपण निळं निशाण फडकवायचं नाही. मागायचंच असेल तर हिशेब मागा. हिऱ्याखालच्या पाटीवर शहाजहान, नादिरशहा, रणजितसिंग, व्हिक्टोरिया एवढी नावं आहेत ना, त्यांच्या वर पहिली ओळ लिहा : कोल्लूर, 60,000 माणसं, बाया आणि पोरं. नाशिकच्या हिऱ्याखाली लिहा की या नावाच्या गावात 1930 साली माणसांना देवळाचं दार उघडलं नाही. ही पाटी लावायला लंडन तयार होतंय का बघा. मग नाशिक तयार होतंय का बघा. कोण आधी नाही म्हणतो त्यावर मी पैज लावायला तयार आहे.

तोवर ते फॉरवर्ड माझ्याकडं पाठवू नका. आणि ज्यांना कोल्लूरला जाऊन माती कपाळाला लावायची हौस असेल त्यांच्यासाठी सांगतो. गाव पुलिचिंतलाच्या धरणाच्या पाण्याखाली गेलंय. खाणी, मातीचे ढीग, पाट्या वाहायच्या वाटा, सगळं कृष्णेच्या पोटात. आमच्या पंचगंगेचं पाणी नरसोबाच्या वाडीला त्याच कृष्णेत मिळतं आणि तिथवर वाहत जातं. गुजरीच्या गटाराचंही.